लिम्निइडी कुलाचे वर्गीकरण : ह्यूबेंडिक यांच्या निवाड्याचा पुनर्विचार

बेंग्ट ह्यूबेंडिक या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञांचा ‘रिसेंट लिम्निइडी’ हा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. तळी, डबकी व भातखाचरे यांत आढळणाऱ्या फुप्फुसधारी गोगलगायींच्या एका कुलाचा जागतिक आढावा त्यात आहे. प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय भाषाविज्ञान होय. गोगलगायींविषयी अधिकारवाणीने बोलण्याची त्याची पात्रता नाही. परंतु साम्यावरून नाते ठरविण्याचा उद्योग दोन्ही शास्त्रांत सारखाच चालतो, आणि ह्या ग्रंथातील यश व अपयश दोन्ही आपल्या विद्यार्थ्यांनी पारखून पाहावीत अशी आहेत.

ह्यूबेंडिक यांच्यापुढे जो वारसा होता तो नावांच्या राशीचा. लिनीअसने १७५८ साली ह्यांतील काही जाती ‘हेलिक्स’ ह्या वंशात घातल्या; लामार्कने १७९९ साली ‘लिम्निया’ हा वंश स्थापिला; आणि पुढील दीड शतकात हजाराहून अधिक जातिनामे साचली. त्यांपैकी बहुतेकांना आधार होता तो केवळ शंखाच्या आकाराचा, आणि ह्या कुलात शंखाइतका लवचीक साक्षीदार दुसरा नाही. शांत पाण्यात उंच, निमुळत्या शिखराची असणारी लिम्निया स्टॅग्नालिस लाटांच्या किनाऱ्यावर आखूड व रुंद मुखाची होते. बालमानसशास्त्रामुळे आपल्या परिचयाचे असलेले पियाजे यांनी १९२९ साली स्विस सरोवरांतील ह्याच प्रकाराचा अभ्यास केला. असे आखूड शंख मत्स्यपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढविले तरी काही कुळींत आखूडपणा टिकून राहतो, असे त्यांना आढळले. म्हणजे परिस्थितीने घडविलेले कोणते आणि आनुवंशिक कोणते, हा भेदही नुसत्या डोळ्यांनी होणारा नव्हे.

ह्यूबेंडिक यांनी शंख बाजूला सारून प्राणी चिरून पाहिला. पुरःस्थ ग्रंथीच्या आतील घडी, जननेंद्रियाच्या निरनिराळ्या भागांच्या लांबीचे प्रमाण, आणि एकेका गुणाची एकाच समुदायातील चढउतार त्यांनी मोजली. ज्या दोन नावांच्या मध्ये सलग पायऱ्या सापडल्या, ती नावे त्यांनी एकत्र केली. हजारांवरून जाती सुमारे चाळीसांवर आल्या. ही छाटणी धाडसाची होती आणि बव्हंशी न्याय्यही होती. एकाच गावच्या बोलीतील दोन उच्चारांना दोन भाषा म्हणणाऱ्याला जे उत्तर द्यावे लागते तेच ह्यूबेंडिक यांनी शंखसंग्राहकांना दिले.

आक्षेप आहे तो पुढच्या पावलाला. शरीररचना कुलभर इतकी सारखी आहे की अनेक वंश मानण्यास आधार नाही, असे ठरवून त्यांनी जवळजवळ सर्व जाती एकट्या लिम्निया वंशात कोंबल्या. येथे दोन प्रश्नांची गल्लत झाली. सीमारेषा दिसत नाही, हे एक विधान. शाखा फुटल्याच नाहीत, हे अगदी वेगळे. मराठी व गुजराती ह्या दोहोंत नपुंसकलिंग टिकले आणि हिंदीत लोपले, एवढ्यावरून पहिल्या दोघींना सख्ख्या बहिणी म्हणता येत नाही. जे संस्कृतापासून सर्वांना मिळाले ते दोघींनी राखले, इतकेच. नाते सिद्ध होते ते समान नवनिर्मितीवरून, समान जतनावरून नव्हे. हे तत्त्व लेस्कीन यांनी १८७६ साली व ब्रुगमान यांनी १८८४ साली भाषांपुरते मांडले होते. प्राणिशास्त्रात त्याची पद्धतशीर मांडणी हेनिग यांनी १९५० साली जर्मन भाषेत केली, म्हणजे ह्यूबेंडिक यांच्या ग्रंथाआधी जेमतेम एक वर्ष. तेव्हा ह्या त्रुटीचा सगळा दोष ह्यूबेंडिक यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पुढील पुराव्याने हाच भेद उघड केला. गुणसूत्रांच्या जोड्या ह्या कुलात बहुतेकांत अठरा, रॅडिक्स समूहात सतरा व ऑस्ट्रोपेप्लिया समूहात सोळा असतात. इनाबा यांनी १९६९ साली ह्यावर सविस्तर लिहिले. अठरा ही संख्या मूळची मानली, तर ती राखणाऱ्यांचे परस्परनाते तिच्यावरून कळत नाही. घटलेली संख्या मात्र बोलकी आहे. कोरेया व सहकाऱ्यांनी २०१० साली मायटोकाँड्रियातील व केंद्रकातील डीएनए-अनुक्रम तपासून तीन मुख्य शाखा दाखविल्या: अमेरिकी, युरेशियाई व हिंद-प्रशांत. घटलेल्या संख्येचे रॅडिक्स व ऑस्ट्रोपेप्लिया हे दोन्ही समूह तिसऱ्या शाखेत पडतात. उलट युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या गाल्बा ट्रंकाट्युलाचे जवळचे आप्त अमेरिकेत निघाले. ह्यूबेंडिक यांनी वंश म्हणून न मानलेली गाल्बा (१८०३) व रॅडिक्स (१८१०) ही नावे अशा रीतीने पुन्हा प्रचारात आली.

आपल्या तळ्यांतील ल्युटिओला व अक्युमिनाटा ह्या दोन्ही जाती लामार्कने १८२२ साली वर्णिल्या. ॲनंडेल व श्रीनिवास राव यांनी १९२५ साली भारतीय लिम्निइडींची पुनर्तपासणी हाती घेतली. ह्यूबेंडिक यांच्या चौकटीत ह्या दोघी एका वंशातल्या. आता अक्युमिनाटा रॅडिक्समध्ये, तर ल्युटिओला २०१८ साली निर्मिलेल्या ‘रॅसेसिना’ वंशात गेली आहे. हा केवळ नावांचा खेळ नव्हे. गुराम्हशींच्या यकृतातील पर्णकृमी आपल्या आयुष्याचा एक टप्पा गोगलगायीच्या शरीरात काढतो. युरोपातील पर्णकृमीचा हा प्रवास लॉयकार्ट व थॉमस यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी उलगडला, तेव्हा यजमान ट्रंकाट्युला होती. भारतातील मोठ्या पर्णकृमीचा मुख्य यजमान अक्युमिनाटाच्या गटात मोडतो. एका वंशनामाखाली दोघींना ‘लिम्निया’ म्हणून नोंदविणारा पशुवैद्य कोणत्या तळ्यावर गुरे नेऊ नयेत हे कसे सांगणार?

तरीही विभाजनवाद्यांच्या हाती निकाल द्यावा असे वाटत नाही. क्रुग्लॉव व स्टारोबोगातॉव यांनी १९९३ सालच्या सूचीत शंखाच्या वळणांच्या वक्रतेवर भर देऊन जातींची संख्या पुन्हा कितीतरी फुगविली, आणि जो रोग ह्यूबेंडिक यांनी बरा केला होता तो परत आणला. दुसऱ्या टोकाला गाल्बा: एक अपवाद वगळता तिच्या जाती शंखावरून वा अंतर्रचनेवरून विश्वासाने ओळखता येत नाहीत, असे २०२१ सालच्या अभ्यासातून दिसले. म्हणजे ह्यूबेंडिक यांची मोजमापे खोटी नव्हती. शरीरे खरोखरच सारखी आहेत. फरक त्यांच्या इतिहासात आहे. म्हणूनच हा ग्रंथ कपाटात टाकू नये. जातींच्या परिवर्तनशीलतेची त्यातील नोंद व प्रसाराची माहिती आजही कामाची आहे. फक्त त्यातील शेवटच्या वंशवृक्षाच्या जागी नवा काढून घ्यावा लागेल, आणि भारतीय प्रकारांपुरते ते काम पुष्कळसे अजून व्हायचे आहे.