वगळलेल्या नोडचे काय? : लिंक्ड लिस्टच्या एका प्रात्यक्षिकाचे चिकित्सक अवलोकन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या द्वितीय वर्ष अभ्यासक्रमात ‘पिनॅकल क्लब’ हे प्रात्यक्षिक होते. क्लबच्या सभासदांची नोंद एकेरी लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक नोडने फक्त पुढच्याचा पत्ता जपणाऱ्या यादीत, ठेवायची. पहिला नोड अध्यक्षासाठी व शेवटचा सचिवासाठी राखीव. (महाविद्यालयीन मंडळांचा अनुभव असणाऱ्यास सचिवाचे हे स्थान मौजेचे वाटेल.) सभासद वाढविणे, वगळणे, मोजणे, यादी छापणे ही कामे त्यात होती. उदाहरण विद्यार्थ्याच्या जगातले आहे, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु वगळलेल्या नोडकडे एखादा जुना पॉइंटर अजूनही बोट दाखवीत असेल तर काय, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. मुक्त केलेल्या स्मृतीत जुना मजकूर काही काळ तसाच राहू शकतो. परिणामी सदोष प्रोग्रामही बिनचूक यादी छापतो आणि गुण मिळवतो.

कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये याच रचनेकडे संशयाने पाहिले जाते. तेथील यादी दुहेरी आहे. नोड काढताच त्याच्या दोन्ही पॉइंटरांत मुद्दाम निरुपयोगी, ‘विषारी’ पत्ते भरले जातात. त्यांच्या आधारे पुढे जाऊ पाहणारा कोड सामान्यतः तेथेच कोसळतो. २००६ मध्ये डेव्ह जोन्स यांनी यादीच्या तपासणीची भर घातली. नोड काढण्यापूर्वी मागचा व पुढचा असे दोन्ही शेजारी त्यालाच आपला शेजारी मानतात काय, हे पाहिले जाते. साक्ष जुळली नाही तर बिघाड जाहीर होतो. एकेरी यादीत मागचा दुवाच नसल्याने अशी साक्ष मिळत नाही. पुढे २०२३ च्या ६.६ आवृत्तीत, डिबगिंगपुरती न राहता नित्य वापरातही परवडावी अशी हलकी तपासणी आली.

या उपायाचे कौतुक मात्र बेतानेच करावे लागते. तपासणी जेथे बोंब मारते तेथे पुष्कळदा केवळ बळी सापडतो. कुलूप न लावता यादी बदलणारा कोड दुसरीकडेच असतो. मुक्त स्मृती अन्य कामासाठी दिली गेली, तर विषारी खूणही पुसली जाते.

वाहनांतील अनेक पडदे आज लिनक्सवर किंवा त्यावर आधारित अँड्रॉइडवर चालतात. वाहनांचे कारखाने असलेल्या चाकणच्या पंचक्रोशीत, पिंपरी-चिंचवडमध्ये, हा विषय शिकवताना यादी छापली की प्रात्यक्षिक संपले असे मानणे अपुरे ठरते. यादी दुहेरी करून एकच सभासद दोनदा वगळायला लावावा. प्रोग्राम कोठे थांबला आणि चूक प्रत्यक्षात कोठे झाली, हे विद्यार्थ्याला विचारावे. त्यासाठी नवा पेपर लागत नाही, तोंडी परीक्षेतील पाच मिनिटे पुरतात.