ढगांची निरीक्षणे आणि वादळांचा अंदाज : एका दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना

२६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याची त्याच काळातील नोंद अवघी ७३ मिलिमीटर होती. दोन वेधशाळांमधील अंतर वीस-बावीस किलोमीटर. त्या दिवशी शेकडो माणसे दगावली. त्या वेळी कार्यरत असलेल्या हवामान-प्रारूपांना पावसाची ही तीव्रता पकडता आली नव्हती. ढग आणि पाऊस यांची उपग्रह-निरीक्षणे प्रारूपात घेतल्याने वादळांचे अंदाज सुधारतात, असा दावा गेल्या दोन दशकांच्या संशोधनात सातत्याने केला गेला आहे. तो कितपत आणि कोणत्या अर्थाने खरा आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वगळलेला साक्षीदार

हवामानाचे संख्यात्मक प्रारूप वातावरणाच्या आरंभस्थितीपासून पुढची स्थिती गणिताने काढते. आरंभस्थितीच चुकली, तर पुढचे गणित कितीही शुद्ध असले तरी व्यर्थ. म्हणून प्रारूपाचा आधीचा अंदाज आणि ताजी निरीक्षणे यांची सांगड घालावी लागते. डेटा असिमिलेशन म्हणतात ते हेच. या कामात उपग्रहांनी टिपलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणांचा वाटा मोठा आहे. परंतु दीर्घकाळ प्रथा अशी होती की, ज्या ठिकाणी ढग वा पाऊस दिसे, तेथील प्रारणे बाजूला काढली जात आणि निरभ्र आकाशाची तेवढी ठेवली जात. घटना जेथे घडली तेथल्या साक्षीदाराला घरी पाठवून शेजारच्या गावातील लोकांच्या जबान्यांवर पंचनामा करण्यासारखेच हे होते.

या प्रथेला आळस म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. ढगातून येणारे प्रारण थेंबांच्या आकारमानावर, हिमकणांच्या घडणीवर अवलंबून असते. या गोष्टी प्रारूपाला ढोबळमानानेच ठाऊक असतात. शिवाय प्रारूपाने ढग पन्नास किलोमीटर पूर्वेला दाखवला आणि तो प्रत्यक्षात पश्चिमेला असला, तर दोन्ही जागी मोठी तफावत दिसते. चुकांच्या सौम्य, सममित वितरणावर उभारलेले गणित अशा तफावतीपुढे कोलमडते.

प्रवेश मिळाला, पण मागच्या रांगेत

इंग्लंडमधील रेडिंग येथील युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने जून २००५ मध्ये पावसाने बाधित प्रारणे दोन टप्प्यांच्या पद्धतीने वापरण्यास आरंभ केला. मार्च २००९ पासून निरभ्र, ढगाळ व पावसाळी अशी सर्व आकाशांची प्रारणे एकाच पद्धतीने थेट घेतली जाऊ लागली. यातील कळीची कल्पना अ‍ॅलन गीअर आणि पीटर बाउअर यांनी २०११ मध्ये सविस्तर मांडली. निरीक्षणाची गृहीत चूक ढगांच्या प्रमाणानुसार वाढवायची, आणि ते प्रमाण प्रारूप व निरीक्षण यांच्या सरासरीवरून ठरवायचे. दोहोंपैकी एकालाच प्रमाण मानले असते, तर आरंभस्थिती एका बाजूला झुकली असती. ही युक्ती निःसंशय बुद्धिमान आहे. तथापि तिची किंमत क्वचितच उघडपणे बोलली जाते. जेथे ढग दाट, तेथे निरीक्षणाची गृहीत चूक निरभ्र जागेच्या कित्येक पट होते. साहजिकच त्याचे वजन घटते. साक्षीदाराला दरबारात बोलावले खरे, पण बसवले मागच्या रांगेत.

तरीही लाभ झाला, आणि तो कसा झाला हे पाहण्याजोगे आहे. केंद्राच्या चतुर्मिती पद्धतीत बारा तासांच्या कालखंडातील निरीक्षणांशी प्रारूप जुळवले जाते. ढग योग्य जागी यायचा, तर त्याला वाहून नेणारा वारा दुरुस्त करावा लागतो. म्हणजे ढगाच्या निरीक्षणातून सुधारतो तो मुख्यतः वारा. प्रकाशित मूल्यमापनांत यशाचे माप वारे, दाब व तापमान यांच्या काही दिवसांच्या अंदाजावर बसवलेले आढळते, आणि लाभ ठळक दिसतो तो मध्य अक्षांशांत, विशेषतः दक्षिण गोलार्धातील निरीक्षण-विरळ महासागरांवर. तेथील वादळे हजारो किलोमीटर पसरलेली असतात. मुंबईवरील मेघसमूह त्या जातीचा नव्हता. तेव्हा ‘वादळांचा अंदाज सुधारतो’ हे एकच विधान दोन्हीकडे लावणे तर्कदुष्ट ठरते.

उष्ण कटिबंधाचा अनुभव

भारत व फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी प्रक्षेपित झाला. विषुववृत्ताशी केवळ २० अंशांचा कल असल्याने उष्ण कटिबंधातील एकाच प्रदेशावरून तो दिवसातून अनेकदा जात असे. पाऊस मोजण्यासाठी घडवलेले मद्रास हे उपकरण जानेवारी २०१३ मध्ये निकामी झाले, आणि आर्द्रता टिपणाऱ्या सॅफिरवर भिस्त राहिली. सॅफिरची प्रारणे रेडिंगप्रमाणे नोएडा येथील राष्ट्रीय केंद्रानेही वापरली. मार्च २०२३ मध्ये हा उपग्रह नियंत्रितपणे वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आला. कमी कलाच्या कक्षेमुळे मिळणारी ती वारंवारता ध्रुवीय कक्षेतील एकटा उपग्रह देऊ शकत नाही. मेघगर्जनेचे ढग तर एक-दोन तासांत रूप पालटतात.

जाळीचा प्रश्नही याला जोडूनच येतो. २००५ साली रेडिंगच्या जागतिक प्रारूपाची जाळी सुमारे ४० किलोमीटरची होती. सांताक्रूझ आणि कुलाबा तिच्या एकाच चौकटीत बसू शकले असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये लोकार्पण झालेली भारत अंदाज प्रणाली ६ किलोमीटरची आहे. या दोन वेधशाळांमध्ये आता तीन-चार चौकटी येतात. परंतु चतुर्मिती पद्धतीत आरंभस्थितीची दुरुस्ती मूळ जाळीपेक्षा ढोबळ जाळीवर काढण्याचा प्रघात आहे. सूक्ष्म जाळीवर उमटलेला मेघसमूह मग निरीक्षणातून आलेला असतो की प्रारूपाने स्वतः घडवलेला, हे वाऱ्याच्या सरासरी चुकीवरून कळत नाही. त्यासाठी सर्व-आकाश प्रारणे घेऊन आणि वगळून असे दोन्ही अंदाज काढावे लागतील, आणि ते पर्जन्यमापकांच्या व डॉपलर रडारच्या तासागणिक नोंदींशी, सांताक्रूझ वेगळे आणि कुलाबा वेगळे धरून, ताडून पाहावे लागतील.