मातीचे देणे : दोन ग्रंथांचा विचार

मराठी वाङ्मयात मातीची स्तुती पुष्कळ आढळते. मातीचा विचार मात्र क्वचितच आढळतो. कवींनी तिला माता म्हटले, कादंबरीकारांनी तिच्या गंधाची वर्णने केली, वक्त्यांनी ती कपाळास लावण्याचा उपदेश केला. परंतु ही माता उपाशी राहू शकते, झिजू शकते आणि एखाद्या वळवाच्या सरीत डोळ्यांदेखत ओढ्यावाटे निघून जाऊ शकते, ही साधी गोष्ट सुशिक्षित वाचकाच्या मनावर ठसेल असे लेखन शोधू गेल्यास फार थोडे हाती लागते. हा विषय शेतकी खात्याचा, आपल्या बैठकीतला नव्हे, अशी आपली समजूत झालेली आहे. भारताच्या एकूण भूभागापैकी सुमारे २९ टक्के जमिनीचा कस कोणत्या ना कोणत्या प्रकारे उतरलेला आहे, असे इस्रोच्या २०११-१३ सालच्या पाहणीत आढळले. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी किंवा भात शिजतो त्या घरास हा आकडा परका मानता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

या विषयावरील दोन जुने ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचे आम्ही योजिले आहे. एक सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’, १९४० साली प्रसिद्ध झालेला. दुसरा महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३ साली लिहिलेला. पहिल्याची कीर्ती जगभर पसरली असून सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते त्यास आपला मूळ ग्रंथ मानतात. दुसऱ्याची कीर्ती समाजक्रांतीचा ग्रंथ म्हणून आहे. त्यात मातीविषयी काही सांगितले आहे हे त्याचे पुष्कळसे वाचकही विसरतात. आमचे म्हणणे असे आहे की, मातीच्या प्रश्नापुरते पाहिल्यास पहिला ग्रंथ दुसऱ्यावाचून अपुरा आहे.

प्रथम हॉवर्डसाहेबांचा ग्रंथ घेऊ. इंग्लंडातील एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथील सरकारी संशोधनसंस्थेत आला आणि १९३१ पर्यंत या देशात राहिला. १९२४ पासूनचा त्याचा काळ इंदूर येथे गेला. परदेशी तज्ज्ञ बहुधा शिकविण्यासाठी येतात. हे गृहस्थ शिकण्यास तयार झाले, ही त्यांची थोरवी होय. येथील शेतकरी आणि पिकांवरील कीड या दोघांस ते आपले गुरू म्हणत. कीड पडली की ती मारण्याचा उपाय न शोधता, या पिकास आणि त्याखालच्या मातीस काय कमी पडले आहे हे शोधावे, अशी त्यांची दृष्टी होती.

ग्रंथाचा मुख्य सिद्धांत एका वाक्यात सांगता येईल : जमिनीतून जे घेतले ते जमिनीस परत केलेच पाहिजे. या सिद्धांताची मांडणी ते अरण्याच्या उदाहरणाने करतात, आणि ती पाने ग्रंथातील सर्वोत्कृष्ट पाने होत. अरण्यास कोणी खत घालीत नाही, तरी ते शतकानुशतके उभे असते. तेथे एकच एक झाड नसते, पशुपक्ष्यांवाचून कारभार नसतो, जमीन कधी उघडी पडत नाही, आणि गळलेले पान व मेलेला जीव कुजून पुन्हा मुळांपाशी येतो. कुजण्यातून जे काळे, मऊ, जीवजंतूंनी भरलेले सत्त्व तयार होते, त्यालाच शास्त्रज्ञ ह्यूमस म्हणतात. या सत्त्वामुळे मातीचे कण एकमेकांस धरून राहतात, पाणी वाहून न जाता आत मुरते आणि मुळांस हवा मिळते. ते संपले की माती म्हणजे केवळ दगडाचा भुगा उरतो, आणि भुग्यास वाहून जाण्यास निमित्त फार लागत नाही.

या विचारास त्यांनी कृतीची जोड दिली, तीच ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. कापसाच्या पळाट्या, तण, पाचोळा असा शेतातील टाकाऊ माल, शेण, गोठ्यातील मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात, पावसाळ्यात जमिनीवरच्या ढिगात, रचावयाचे, ओल राखावयाची, ठरावीक दिवसांनी ते खालीवर करावयाचे, सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. या पद्धतीचे पहिले सविस्तर पुस्तक १९३१ साली निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. ‘टेस्टामेंट’ ज्यांस अर्पण केला आहे त्या गॅब्रिएल हॉवर्ड या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि पुसा व इंदूर येथील कामात बरोबरीच्या वाटेकरी होत्या. कीर्ती मात्र एकाच नावावर जमा झाली. घेतले ते परत करावे हा न्याय मातीस लागू आहे तसा श्रेयासही लागू असावा, एवढीच सूचना आम्ही येथे करतो.

ग्रंथातील दोष लपविण्याचे कारण नाही. सिद्धांतावरील श्रद्धा जसजशी वाढते, तसतसा पुराव्याचा कस उतरत जातो. आपले सकस चाऱ्यावर पोसलेले बैल शेजारच्या लाळखुरकुत झालेल्या जनावरांच्या तोंडाला तोंड लावीत असूनही त्यांस रोग झाला नाही, हा अनुभव ते मोठ्या विश्वासाने सांगतात. अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. पण तुलनेसाठी दुसरा कळप नाही, नोंदींची चिकित्सा नाही, आणि एवढ्यावरून सर्व रोगांचे मूळ मातीत आहे असे म्हणणे ही उडी होय. रासायनिक खतांविषयीचा त्यांचा रागही असाच सरसकट आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील एका शेतात १८४३ पासून गव्हावर गहू घेतला जात आहे, आणि रासायनिक खतांवरही तेथील पीक कोसळलेले नाही. या प्रयोगास पुरेसे उत्तर ग्रंथात सापडत नाही. केवळ खताच्या गोणीवर विसंबलेली जमीन पुढे अडचणीत येते हा त्यांचा इशारा खरा ठरला आहे. परंतु गोणीचा प्रत्येक कण विष आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तथापि आमचा मुख्य आक्षेप शास्त्राचा नसून निराळा आहे. हॉवर्ड यांच्या ग्रंथातील शेतकऱ्यास परत करण्याची इच्छा असली की पुरे. परत करण्यास त्याच्याजवळ काही आहे की नाही, हा प्रश्न तेथे ओझरता येतो. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात हे ते नमूद करतात; पण ज्या घरापासून सरपण दोन कोसांवर आहे, त्या घरातील बाईने शेण चुलीत न घालता खड्ड्यात घालावे कसे? ज्याच्याकडे एकच बैल आहे, ज्याच्या विहिरीस माघानंतर पाणी नाही, जो दुसऱ्याची जमीन वर्षाच्या बोलीने वाट्यास करतो, त्याने पाच वर्षांनी फळणारा सुपीकपणा कोणासाठी जोपासावा? संस्थेच्या शेतावर गोठा होता, पाणी होते, पगारी मजूर होते. तेथील गणित बरोबर सुटले. पण ते गणित सर्वांच्या घरचे नव्हते.

नेमक्या याच ठिकाणी ‘असूड’ उघडावा. जोतीराव शास्त्रज्ञ नव्हते. त्यांची भाषा रागीट आहे, मुख्य विषय सोडून ती वारंवार प्रतिपक्षावर तुटून पडते, आणि शांतपणे वाद घालणाऱ्या वाचकास कित्येक पाने ओलांडून पुढे जावे लागते. ग्रंथाचे काही भाग ‘दीनबंधु’ पत्रात छापून पुढचे छापण्याचे धैर्य त्या पत्राच्या चालकांस झाले नाही, यावरून त्या भाषेच्या धारेची कल्पना येईल. परंतु रागाखाली जे निरीक्षण आहे ते फार बारीक आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जीवजंतूंचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरते आणि त्यांस खत होते, हे त्यांनी हॉवर्ड यांच्या ५७ वर्षे आधी पाहिले होते. त्याहून महत्त्वाचे हे की, ही देवघेव कोणी तोडली याचाही त्यांनी शोध घेतला. जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गावची गायराने आपल्या कुंपणात घेतली. गरिबाची जनावरे चारणीस मुकली. जनावर गेले तेथे शेणही गेले. मातीचा कस उतरण्याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान, असे सांगणाऱ्या त्या काळच्या सरकारी लेखणीस हे सणसणीत उत्तर होते.

त्यांनी सुचविलेले उपाय पाहावेत. लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यास मिळेल. नदीनाल्यांत व तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांस परत करावीत. या तिन्ही मागण्यांत ‘कसे करावे’ याबरोबरच ‘कोणाच्या खर्चाने, कोणाच्या हक्काने’ हेही आहे. हॉवर्ड यांच्या सिद्धांतात जो दुवा गळला, तो येथे सापडतो.

पुढच्या इतिहासाने या दोन दृष्टींची परीक्षा घेतली. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा होऊन दख्खनच्या दुष्काळी तालुक्यांत समपातळीचे बांध घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. शास्त्र सांगत होते की बांध उताराच्या आडवा, एका पातळीने जावा. पण उतारास मालकी ठाऊक नसते. बांध एकाच्या शेतातून तिरपा घुसे, एकाची चार गुंठे जमीन खाई आणि लाभ दुसऱ्याच्या शेतास देई. ज्यांस विचारले नव्हते त्यांनी असे बांध पुढे नांगराखाली घातले यात नवल नाही. आपल्या हद्दीवरची ताल मात्र तोच शेतकरी पिढ्यान्पिढ्या सांभाळीत आला होता. शिवाय खोल काळ्या जमिनीत बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडे व अखेर बांधही फुटे. हलक्या, उताराच्या जमिनीत जो उपाय गुणकारी, तोच भारी जमिनीत अपाय ठरला. एका नियमाने सर्व माती वागवू पाहणाऱ्यांस मातीने दिलेला हा धडा होता.

गाळाची कथा तर अधिक बोलकी आहे. धरणांतील व तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१७ साली सुरू केली. म्हणजे जोतीरावांच्या मागणीनंतर १३४ वर्षांनी. गाळ फुकट होता, पण तो शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याकडे होता. आणि ज्याच्याजवळ ट्रॅक्टर किंवा त्याच्या भाड्यास पैसा, त्याच्याच शेतात गाळ आधी पोहोचणार हे उघड होते. पुढे २०२३ साली योजना नव्याने चालू करताना लहान शेतकऱ्यांस वाहतुकीसाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. फुकट या शब्दाचा अर्थ गरिबाच्या बांधावर जाऊन तपासावा लागतो, ही जोतीरावांची शिकवण येथे पुन्हा खरी ठरली.

तेव्हा आमचा निर्णय असा. हॉवर्ड यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. मातीकडे जिवंत वस्तू म्हणून पाहण्याची जी दृष्टी तो देतो ती अन्यत्र इतक्या उत्कटतेने मिळणार नाही. परंतु तो वाचून शेतकऱ्यास उपदेश करण्याचा मोह होईल, तेव्हा ‘असुडा’चे अखेरचे प्रकरण हाती घ्यावे. आणि दोन्ही मिटल्यावर आपल्या घराकडे पाहावे. हॉवर्ड यांनी शहराच्या केरकचऱ्यावरही लिहिले आहे, कारण परत करण्याचा नियम नांगर धरणाऱ्यापुरता नाही. खेड्यातील धान्य, भाजी, दूध यांच्या रूपाने शहर रोज मातीचा कस घरी आणते, आणि त्याची साले, देठे, उष्टे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरावर पाठविते. ज्यांच्याजवळ परत करण्यास काही नाही त्यांस कर्तव्य सांगण्यापूर्वी, ज्यांच्याजवळ आहे त्यांनी आपला हिशेब पाहावा. ओला कचरा निराळा ठेवून तो कुजविणे आणि ते खत जमिनीपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आपल्या नगरपालिकेकडून करवून घेणे, एवढे काम सुशिक्षित कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे खास नाही.