पुठ्ठ्याआड गेलेले अंक

जुन्या नियतकालिकांच्या संग्रहावर टीका करायची, तर सुरुवात स्वतःच्या कपाटापासूनच केलेली बरी.

नोकरी लागल्यापासून मी 'सत्यकथा' घ्यायचो. वर्षाचे बारा अंक झाले की गावातल्या बाइंडरकडे द्यायचे. तो विचारायचा, "सर, मुखपृष्ठं, जाहिराती काढून टाकू?" मी म्हणायचो, काढ. आज ते खंड देखणे दिसतात. पण मुखपृष्ठावर चित्र कोणतं होतं, नव्या पुस्तकाची किंमत काय होती, ते सारं रद्दीत गेलं. मजकूर राहिला, काळ गेला. रूप आणि आशय वेगळे करता येत नाहीत, हे मी वर्गात शिकवत होतो बरं का!

दुसरा दोष याहून मोठा. 'सत्यकथा' १९३३ ते १९८२ चाललं; त्याचे खंड वाचनालयांत सापडतात. पण १९६९ मध्ये राजा ढाले आणि इतर तरुणांनी त्याचा अंक जाळला, त्या पिढीची सायक्लोस्टाइल अनियतकालिकं बांधली कोणी? कागद हलका, आकार वेगवेगळा, अंक कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणजे एका वादातली एक बाजू पुठ्ठ्यात सुरक्षित, दुसरी वाऱ्यावर. बांधणी ही नुसती जपणूक नसते, तो निवाडा असतो.

आपल्या बुलढाण्याचंच उदाहरण घ्या. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, त्यामागे 'पुणेवैभव'मधल्या लिखाणाचा संताप होता. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. कुठेतरी एक प्रत टिकली म्हणून हे झालं. पण ताराबाईंचं उत्तर नीट कळायचं तर ज्याला उत्तर दिलं ते वर्तमानपत्र आणि पाठराखण करणारा 'सत्सार', दोन्ही शेजारी हवेत. एकटं पुस्तक म्हणजे अर्धं भांडण.

म्हणून संग्राहकांना माझं सांगणं एवढंच. बांधा जरूर, पण मुखपृष्ठ, जाहिराती, वाचकांची पत्रं यांसकट. कडा कापू नका. आणि बांधता येत नाही ते पाकिटात घालून त्याच खंडाशेजारी ठेवा. कपाट शोभेल न शोभेल, उद्याच्या वाचकाला दोन्ही आवाज ऐकू येतील.

माझ्या खंडांतली मुखपृष्ठं आता परत येणार नाहीत. तुमच्या घरी सुटे अंक असतील, तर आज घरी गेल्यावर बघा.