डिजिटल प्रमाणपत्र-शृंखलेतील नाम-मर्यादा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बँकेचे वा विद्यापीठाचे संकेतस्थळ खरे आहे, याची ग्वाही डिजिटल प्रमाणपत्र देते. मूळ प्रमाणन प्राधिकारी मध्यस्थास अधिकार देतो आणि मध्यस्थ संकेतस्थळास प्रमाणपत्र देतो, अशी ही शृंखला असते. मध्यस्थाने कोणत्या नावांपुरती प्रमाणपत्रे द्यावीत, हे त्याच्याच प्रमाणपत्रात नोंदविण्याची तरतूद म्हणजे नाम-मर्यादा. आर.एफ.सी. ५२८० या मे २००८ मधील मानकात तिचे नियम दिले आहेत. प्रस्तुत लेखात या तरतुदीची चिकित्सा केली आहे.

तरतुदीचे स्वरूप :
नाम-मर्यादेत अनुमत व वर्ज्य अशा दोन याद्या असू शकतात. एखादे नाव दोन्हींत बसत असेल, तर वर्ज्य यादी श्रेष्ठ ठरते. शृंखलेत खाली उतरताना अनुमत याद्यांचा छेद आणि वर्ज्य याद्यांचा संयोग घेतला जातो. परिणामी कनिष्ठ प्राधिकाऱ्यास वरिष्ठाने आखलेली चौकट रुंदावता येत नाही. रचना म्हणून ही कल्पना तर्कशुद्ध आहे, हे मान्य करावयास हवे.

उणिवा :
मात्र या रचनेत मौन हीच संमती मानली आहे. मर्यादा ज्या प्रकारच्या नावांवर घातली, त्याच प्रकारास ती लागू होते. केवळ डोमेन-नावांची अनुमत यादी दिली, तर आयपी पत्ते मोकळे राहतात. ते रोखावयाचे असतील तर स्वतंत्रपणे वर्ज्य करावे लागतात.

दुसरी उणीव अंमलबजावणीची आहे. मानकानुसार ही नोंद अनिवार्य स्वरूपाची असावी, म्हणजे ती न समजणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रमाणपत्र नाकारावे. परंतु अनेक सॉफ्टवेअर ती जाणत नसल्याने सीए-ब्राउझर फोरमच्या नियमांनी ती ऐच्छिक ठेवण्याची सवलत दिली. अशा वेळी न जाणणारे सॉफ्टवेअर मर्यादेकडे सरळ दुर्लक्ष करते. शिवाय मूळ प्रमाणपत्रातच लिहिलेली मर्यादा पाळण्याचे बंधन मानकाची मूलभूत तपासणी-पद्धती घालत नाही.

तिसरी उणीव गुंतागुंतीची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएसएसएलच्या ३.०.७ या आवृत्तीत दुरुस्त झालेले दोष नाम-मर्यादा तपासणाऱ्या भागातच होते. रक्षणार्थ लिहिलेली संहिताच धोक्याचे स्थान ठरली.

भारतीय उदाहरण :
जुलै २०१४ मध्ये गूगलच्या डोमेन-नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे उघडकीस आली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांखाली निघाली होती आणि ही मध्यस्थ प्रमाणपत्रे भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांच्या मुळाशी जोडलेली होती. मायक्रोसॉफ्टच्या विश्वस्त यादीत ते मूळ असल्याने विंडोजवरील अनेक प्रणालींनी ती प्रमाणपत्रे ग्राह्य धरली असती. नियंत्रकांनी मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. त्यानंतर गूगलने क्रोममध्ये या मुळावरील विश्वास सात डोमेनांपुरता मर्यादित करण्याचे जाहीर केले, त्यांत गव्ह.इन, एनआयसी.इन, एसी.इन आणि आरबीआय.ऑर्ग.इन होती.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. ही मर्यादा प्रमाणपत्रात नव्हती. ती एका परदेशी कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये घातली. जी चौकट भारतीय संस्थेने स्वतः आखावयास हवी होती, ती बाहेरून आखली गेली. कंपनीने वापरकर्त्याचे रक्षण केले, हे खरे. पण असे रक्षण त्या ब्राउझरपुरतेच राहते. सर्वसाधारण प्राधिकाऱ्यास अशी मर्यादा घालणे अव्यवहार्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. शासकीय प्राधिकाऱ्याची नावे मात्र बहुतांशी आधीच ठाऊक असतात. त्यास तो लागू पडत नाही.

निष्कर्ष :
नाम-मर्यादा ही कल्पना सदोष नाही. तिचे पालन तपासणाऱ्याच्या इच्छेवर आणि क्षमतेवर सोपविले जाते, हा दोष आहे. शासकीय मध्यस्थांना अधिकार देतानाच मर्यादा लिहिणे, डोमेनांबरोबर आयपी पत्त्यांचाही विचार करणे आणि मर्यादा मोडणारी प्रमाणपत्रे मुद्दाम तयार करून सॉफ्टवेअर पारखणे, या तीन गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. मर्यादेवाचून दिलेला अधिकार हा विश्वास नसून निष्काळजीपणा ठरतो.