गाझाच्या वाटेवरचा प्रश्न

बायबलमधलं एखादं वचन मोबाइलवर फॉरवर्ड होऊन येतं, तेव्हा ते देवाचा शेवटचा शब्द असल्याच्या थाटात येतं. खाली अध्यायाचा आकडा असतो आणि वाद मिटलेला असतो. मला तो आकडाच फसवा वाटतो. बायबल हा शेकडो वर्षांत, अनेक हातांनी लिहिलेला ग्रंथसंग्रह आहे. त्यात देवाचं प्रकटीकरण एकदा होऊन थांबत नाही, पुढे चालत राहतं. ते कसं, हे एकच धागा धरून पाहू.

मोशेच्या नियमशास्त्राचं पाचवं पुस्तक म्हणजे 'अनुवाद'. त्याच्या 23व्या अध्यायात नियम आहे: ज्याचं जननेंद्रिय कापलेलं किंवा ठेचलेलं आहे, त्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. कारण दिलेलं नाही. अपवादही नाही.

मग येतो यशयाचा 56वा अध्याय. बहुतेक अभ्यासक तो बॅबिलोनच्या बंदिवासानंतरचा मानतात. इथे तोच देव षंढांशी बोलतो. मराठीत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, म्हणून इथे तो जास्तच टोचतो. स्वतःला वठलेलं झाड म्हणू नका, असं देव त्यांना सांगतो. शब्बाथ पाळणाऱ्यांना, करार धरून राहणाऱ्यांना तो आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत, मुलाबाळांहून थोर असं स्मारक आणि नाव द्यायचं कबूल करतो. 'स्मारक आणि नाव' यासाठीचे हिब्रू शब्द आहेत 'याद वाशेम'. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मारकाला हेच नाव दिलेलं आहे.

इथे एक गोष्ट सुटता कामा नये. जुना करार कठोर आणि नवा करार दयाळू, अशी सोपी वाटणी अनेक जण करतात. दुसऱ्या शतकात मार्सियननं जुना करार टाकूनच द्यायला सांगितलं होतं. चर्चनं ते नाकारलं. माझ्या मते हे साहित्यदृष्ट्याही बरं झालं. कारण बंद दार उघडण्याचं काम इथे ज्यूंच्या शास्त्रानंच केलेलं आहे. आणि जुना नियम खोडलेला नाही. तो आहे तिथेच आहे. नंतरचा आवाज त्याला उत्तर देतो.

आता नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 8वा अध्याय. कूशच्या कांदके राणीचा खजिनदार जेरुसलेमला उपासना करून गाझाच्या वाटेनं रथातून परतत आहे. तो षंढ आहे. हातात यशयाचा ग्रंथ आहे आणि तो मोठ्यानं वाचतो आहे. तो 53व्या अध्यायाशी, मुकाट्यानं दुःख सोसणाऱ्या सेवकाशी, पोचला आहे. म्हणजे त्याच्यासाठीचं वचन फक्त तीन अध्याय पुढे आहे! लूक हे सांगत नाही. पण यशया ठाऊक असलेल्या वाचकाला ते दिसतंच. फिलिप्प त्याला अर्थ उलगडून सांगतो, येशूची गोष्ट सांगतो. वाटेत पाणी दिसतं. खजिनदार विचारतो: माझ्या बाप्तिस्म्याला आता अडथळा कसला?

सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत या प्रश्नाला शब्दांत उत्तरच नाही. रथ थांबतो, दोघं पाण्यात उतरतात. इतर काही हस्तलिखितांत मात्र मध्ये एक वाक्य सापडतं: मनापासून विश्वास असेल तर चालेल. आज अनेक भाषांतरांत ते तळटीपेत असतं. मला त्या वाक्याचा राग येत नाही. कुणा लेखनिकाला विनाअट प्रवेश पचला नसावा, एवढंच मी समजतो.

पण मूळ कथेत तो क्षण मोकळा आहे. तिथे नियमाचा अध्याय उद्धृत करणारं कुणी नाही. म्हणून कुणी एक वचन दाखवून कुणाला दाराबाहेर ठेवत असेल, तर मी एवढंच म्हणेन: पुढे वाचा. त्या खजिनदारानं ग्रंथ मिटला नव्हता.