‘हे ऐकाच’ : ध्वनिमुद्रिका सुचविण्याच्या भाषेचा विचार

एखादी ध्वनिमुद्रिका सध्या आपल्याला आवडत आहे, असे एका रसिकाने दुसऱ्याला सांगावे आणि ती ऐकण्याचा आग्रह धरावा, हा व्यवहार इतका नित्याचा आहे की तो समीक्षेचा विषय होऊ शकतो हे सहसा ध्यानात येत नाही. मैफलीचे परीक्षण लिहिणारा समीक्षक आपल्या विधानांची जबाबदारी घेतो. मित्राला तबकडी सुचविणारा रसिक मात्र ती घेत नाही, असा समज आहे. वस्तुतः बहुसंख्य श्रोते संगीताकडे वळतात ते परीक्षणांमुळे नव्हे, तर कोणाच्या तरी अशा आग्रहामुळे. म्हणून या आग्रहाची भाषा कशी आहे आणि ती आपले कार्य करते की नाही, हे तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम लक्षात येते ते हे की, या व्यवहाराला मराठी रसिक ‘शिफारस’ हा शब्द सहसा लावत नाही. फारसीतून आलेल्या या शब्दामागे तीन व्यक्ती उभ्या असतात : मागणारा, देणारा आणि दोघांमध्ये शब्द टाकणारा. नोकरीसाठी शिफारस लागते. भैरवीसाठी लागत नाही. येथे रसिक सरळ ‘ऐक’ असे म्हणतो. या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. ‘गाणे ऐक’ यात श्रवण आहे, तर ‘माझे ऐक’ यात आज्ञापालन आहे. ‘हे ऐकाच’ म्हणताना दोन्ही अर्थ एकत्र येतात आणि शेवटचा ‘च’ दुसऱ्या अर्थाचे पारडे जड करतो. उलट ‘ऐकून पाहा’ या संयुक्त क्रियापदात निर्णय श्रोत्यावर सोपविलेला असतो. ‘ऐकण्यासारखे आहे’ हे त्याहून सावध विधान. त्यात वस्तूचा गुण सांगितला जातो आणि बोलणारा मागे सरतो. स्वतःची आवड सांगताना तर मराठी वाक्यरचना बोलणाऱ्याला कर्तेपण देतच नाही. ‘मला हे आवडते’ यात आवडणारी वस्तू प्रथमेत असते आणि माणूस चतुर्थीत. आवड ही माणसाने केलेली कृती नसून त्याला आलेला अनुभव आहे, असेच जणू भाषा सुचविते.

या व्यवहारातले सर्वांत महत्त्वाचे क्रियापद मात्र ‘ऐकवणे’ हे आहे. गायक चीज ऐकवतो आणि तबकडी बाळगणारा रसिकही ती ऐकवतो. दोघांना मराठीने एकच प्रयोजक क्रियापद दिले आहे. यात अतिशयोक्ती नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. ते ऐकायचे तर ज्याच्याकडे यंत्र आणि तबकडी आहे त्याच्या घरी जाऊन बसावे लागे. ‘अल्बम’ हा शब्दही त्याच काळाचा साक्षी आहे. लॅटिनमधील ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला. पुढे कोऱ्या पानांच्या वहीला आणि त्यानंतर अनेक तबकड्या खिशांत ठेवण्याच्या बांधीव पुस्तकाला तो लागू झाला. १९४८ साली दीर्घवादी तबकडी आली, तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचे संगीत मावू लागले, पुस्तक गेले आणि नाव उरले. आज हातात धरता येईल अशी वस्तूही उरलेली नाही. तरी अल्बम हा शब्द टिकून आहे.

एकत्र ऐकण्याच्या त्या बैठकीत ऐकवणारा फारसे बोलत नसे आणि त्याला बोलण्याची गरजही नसे. सूर चालू असताना ‘ही जागा’, ‘आता बघ’, ‘हं, आली’ एवढे त्याला पुरे होई. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व दर्शक पदे होत. त्यांचा अर्थ शब्दकोशात नसतो. तो बोलण्याच्या क्षणात आणि समोरच्या वस्तूत असतो. कानाने घ्यावयाच्या गोष्टीसाठी मराठी रसिक ‘बघ’ म्हणतो, तोही बोट दाखविण्याचाच प्रकार आहे. खुद्द ‘जागा’ ही संज्ञाच गाण्यातील सौंदर्याला स्थळ मानते. स्थळ म्हटले की ते दाखविता येते, चुकता येते आणि पुन्हा तेथे जाता येते.

हा व्यवहार आता बहुतांशी दुरून होतो. क्रियापदही बदलले आहे : ‘काल तुला ऐकवले’ याऐवजी ‘काल तुला पाठवले’ असे म्हटले जाते. पाठवणारा समोर नसतो, त्यामुळे ‘ही’, ‘आता’, ‘येथे’ हे शब्द निरुपयोगी होतात, आणि त्यांची रिकामी जागा विशेषणे भरून काढतात : ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, ‘निव्वळ दैवी’. अशा भाषेला रसिकांच्या उथळपणाचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. परंतु ते निदान अपुरे आहे. विशेषणांचा हा पूर रसिकता आटल्यामुळे आलेला नसून दर्शकता हरपल्यामुळे आलेला आहे. बोट दाखविता येत नाही, म्हणून आवाज चढविला जातो.

याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवीतील चीज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत समाविष्ट झाली. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचविली होती आणि तिची प्रत मिळविण्यासाठी न्यूयॉर्कमधील दुकानांत शोध घ्यावा लागला होता. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी सुटले. १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. आज ही ध्वनिमुद्रिका सुचविली जाते ती बहुधा अशी : ‘काय आवाज! अंतराळात गेलेली भैरवी. आणि चीजेचे शब्द तरी पाहा, किती समर्पक! ऐकाच.’

या चार वाक्यांत खोटे असे काहीच नाही. परंतु त्यांतील एकही वाक्य गाण्याविषयी नाही. यानाचा प्रवास, शब्दांचा योगायोग आणि बोलणाऱ्याचे भारावलेपण यांची माहिती श्रोत्याला मिळते. कानाला काम मिळत नाही. याच्या शेजारी दुसरी सूचना ठेवून पाहावी : ‘ज्या रागाने मैफल संपवायची, तो येथे साडेतीन मिनिटांत एकटाच उभा आहे, आधीचे तीन तास नाहीत. प्रथम शब्द सोडून द्या आणि आकार किती लांबवर एकसंध राहतो तेवढे ऐका. मग पुन्हा लावा आणि आवाज मुखड्याकडे कोणकोणत्या वळणांनी परत येतो ते पाहा.’ येथे एकही स्तुतिपर विशेषण नाही. तरीही ही सूचना अधिक आग्रही आहे, कारण ती श्रोत्याला दोनदा ऐकावयास लावते.

यावर असा आक्षेप संभवतो की, अशा सूचनेने श्रोत्याचे कान आधीच बांधले जातात. त्याने स्वतःहून जे शोधले असते ते त्याच्या हातून जाते. आक्षेप वजनदार आहे; तथापि तो विशेषणांना अधिक लागू पडतो. ‘दैवी’ म्हटल्यावर श्रोत्यापुढे दोनच मार्ग उरतात : मान्य करणे किंवा स्वतःच्या कानांविषयी संशय घेणे. उलट ‘मुखड्याकडे परतण्याची वळणे ऐका’ म्हटल्यावर तो म्हणू शकतो, ‘ऐकली, मला ती सर्व एकसारखीच वाटली.’ येथून संभाषण सुरू होते. जे विधान खोडता येते त्याच्याशीच मतभेद करता येतो, आणि ज्या समाजात गाण्याविषयी मतभेद करण्याची सोय उरत नाही तेथे अभिरुची ही केवळ एकमेकांच्या होकारांची बेरीज होऊन बसते. या क्षुल्लक वाटणाऱ्या भाषाव्यवहारात पणाला लागलेली गोष्ट ती हीच.

याचा अर्थ प्रत्येकाने पारिभाषिक संज्ञांत बोलावे असा नव्हे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांच्या दरम्यान घराण्यांची स्थाने निश्चित करण्याचा प्रयत्न केला. त्या मांडणीचे सामर्थ्य तिच्या संज्ञांत नाही; प्रत्येक गायकीविषयी ‘हे असे आहे का?’ असा प्रश्न तिच्यामुळे विचारता येतो, यात आहे. त्याच संज्ञा न ऐकता उच्चारल्या तर ‘जयपूरची पेचदार गायकी’ हे शब्दही ‘अप्रतिम’इतकेच पोकळ होतात. उलट १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँ यांच्या दीर्घवादी तबकडीत यहुदी मेन्युहिन यांनी वाद्यांची आणि रागकल्पनेची ओळख साध्या भाषेत करून दिली आहे. ऐकवणाऱ्याचा आवाजच तेथे तबकडीत शिरला आहे. अपरिचित श्रोत्याच्या शेजारी बसण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता.

आजच्या साधनांनी हरपलेली दर्शकता काही अंशी परतही केली आहे. ध्वनिमुद्रणाबरोबर मिनिटे आणि सेकंद डोळ्यांपुढे सरकत असल्याने ‘दोन मिनिटे दहा सेकंदांची जागा’ असे दुरूनही सांगता येते. घड्याळ जागा कोठे आहे ते सांगते, ती जागा का आहे ते सांगत नाही. ते काम सुचविणाऱ्याचे. ते करावयाचे तर सुचविणाऱ्याला आधी स्वतः पुन्हा ऐकावे लागते आणि आपल्याला नेमके काय आवडले याचा शोध घ्यावा लागतो. आवड आपोआप येते, हे मराठीची चतुर्थी सांगते. तिचे कारण मात्र आपोआप येत नाही.

व्हॉयेजरच्या तबकडीच्या आवरणावर सुई कशी ठेवावी आणि तबकडी किती वेगाने फिरवावी हे आकृत्यांनी कोरले आहे. कसे वाजवावे ते सांगता आले. भैरवीत काय ऐकावे, हे त्या आवरणावर सांगण्याचा मार्ग नव्हता. अज्ञात श्रोत्याच्या बाबतीत हा नाइलाज क्षम्य आहे. ज्याची भाषा आपल्याला येते आणि ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्या श्रोत्यालाही तेवढेच सांगून थांबणे मात्र क्षम्य मानता येणार नाही.